आप्पा, शेवट वाचलात का?

पुस्तकांपेक्षा पुस्तकांबद्दल बोलणारी माणसं जास्त करमणूक करतात, असं माझं ठाम मत झालंय. यवतला शोभाकाकूंच्या स्टेशनरीच्या दुकानात दर रविवारी आम्ही कादंबऱ्यांची अदलाबदल करतो. नियम एकच. अभिप्राय थोडक्यात, भाषण नाही! त्यामुळे किस्से साठतच जातात. एरवी मी ते हसत हसत सांगते, पण गेला महिनाभर मला हसायला सुचलं नाही. का, ते सांगतेच.

*

शोभाकाकू गिऱ्हाईक बघून कादंबरी सुचवतात. गल्लीतली एक नवी सून पेन घ्यायला आली, तर तिच्या हातात एक जाडजूड कादंबरी ठेवली.

"ही ने. हिच्यातली सासू लई छळती. वाचलीस की तुझी बरी वाटंल!"

आठवड्यानं सासूच दुकानात हजर.

"काय वाचाया दिलंय वो तिला? माझ्याकडं बघून सारखी हसतीय!"

*

वरवंडचा सचिन कंपनीच्या बसमध्ये वाचतो. एकदा कादंबरीतलं पोर वारलं आणि हा गेटवर उतरला तो डोळे पुसतच. सुपरवायझरला वाटलं, घरात काहीतरी झालं. त्यानं परस्पर घरी पाठवून दिलं.

सचिनचा अभिप्राय: "एक नंबर हाय. पण सुट्टीच्या दिवशी वाचा. हाफ डे लागतो!"

*

आता आप्पा. खुटबावचे. वडिलांच्या काळापर्यंत घरात मेंढरं होती, आता ऊस आहे. आप्पांची रीत जगावेगळी. आवडलेल्या कादंबरीची शेवटची पानं ते वाचतच नाहीत!

"शेवट वाचला की माणसं निघून जात्यात. ऱ्हाऊ द्या की चालती-बोलती."

नावडलेली मात्र अगदी शेवटच्या ओळीपर्यंत वाचतात. "पेरलंय तर काढाया नको व्हय?"

एकदा एका गाजलेल्या कादंबरीबद्दल आप्पा एवढंच म्हणाले, "संपवली." त्यानंतर तिला कुणी हात लावला नाही.

*

तर महिन्यापूर्वी मी एक स्पायरल बाइंडिंगची कादंबरी गटात सोडली. "ओळखीतल्या एकांची आहे," म्हटलं. होती माझीच! शाळेच्या सुट्ट्यांमध्ये कित्येक वर्षं लिहीत होते. पुण्यातले एक प्रकाशक छापायला तयार होते, पण मी मनाशी ठरवलं होतं. आप्पांनी "संपवली" म्हटलं, तर छापायची नाही.

आधी काकूंनी वाचली. "बरी हाय. पर लिवणाऱ्याला भूक लागत न्हाई का? यात कुणी जेवतच न्हाई!"

त्या दिवशी मलाही जेवण गेलं नाही.

मग सचिन. "सुरवातीला गाडी लई येळ स्टँडवरच हुबी हाय. सुटली मंग थांबत न्हाई."

मला फक्त ती उभी गाडीच ऐकू आली.

मग कादंबरी आप्पांकडे गेली आणि आप्पा रविवारी यायचेच बंद झाले. जीव टांगणीला लागला. शेवटी न राहवून फोन केला.

"आप्पा, बरे आहात ना?"

"हाय की."

"ते स्पायरलचं पुस्तक?"

"वाचतोय, बाई."

फोन ठेवला. वाचतोय म्हणजे? अजून? म्हणजे शेवटापर्यंतच चाललेत! प्रकाशकांना नाही कसं कळवायचं, याची वाक्यंसुद्धा मी जुळवून ठेवली.

*

परवाच्या रविवारी आप्पा आले. स्पायरल काउंटरवर ठेवलं, टोपी काढली, पाणी प्यायले. विचारायचा मला धीर होईना.

सचिनला मात्र राहवेना. "आप्पा, ह्यातल्या म्हातारीचं शेवटी काय झालं बघितलं का? एसटी आल्यावर ती..."

आप्पांनी दोन्ही कानांवर हात दाबले.

"ए सच्या! गप! फुडं एक अक्षर बोलायचं न्हाई!"