सागाला पांढरा रंग लावणाऱ्यांना माफी नाही

माणसांवर अन्याय झाला की त्यांच्यासाठी भांडणारे लोक आपल्याकडे भरपूर आहेत. पण खुर्च्या, टेबलं, कपाटं आणि पलंग यांच्या बाजूनं जिवाच्या आकांतानं भांडणारी व्यक्ती अख्ख्या नाशिक जिल्ह्यात एकच होती, आणि ती नेमकी माझ्या सासुरवाडीच्या नात्यात निघावी याचा मला अजून राग आहे. ही व्यक्ती म्हणजे माझ्या बायकोची आत्या. लग्नानंतर आम्ही पहिल्यांदा त्यांच्याकडे गेलो तेव्हा चहाचा कप माझ्या हातात देण्याआधी त्या म्हणाल्या, "जावईबापू, खुर्ची चार पायांवर उभी राहावी म्हणून बनवतात. तुम्ही तिला दोनच पायांवर का उभी केलीत?" मी नवा जावई. मला वाटलं, विनोद असेल. हसलो. मी पुढे झुकून खुर्ची टेकवीपर्यंत चहा काही माझ्या हातात आला नाही.

याला जबाबदार त्यांचे वडील. देवळाली कॅम्पात त्यांचं फर्निचर भाड्यानं देण्याचं दुकान होतं. लष्करातली कुटुंबं बदलीवर यायची, दोन-तीन वर्षांसाठी पलंग, टेबल, खुर्च्या घेऊन जायची आणि पुढच्या बदलीला परत आणून टाकायची. आत्यांचं बालपण या परत आलेल्या जखमी खुर्च्यांत गेलं. शाळेतून आल्यावर इतर मुली लंगडी खेळायच्या, तेव्हा ही मुलगी खुर्ची उलटी करून तिचे सांधे तपासायची आणि वडिलांना सांगायची, "या घरात साहेब रेलून बसायचे, बाई टोकावर बसायच्या आणि एक मूल दात शिवशिवायला लागले की हात चावायचं." खुर्चीचा हात, अर्थातच. पुढे त्यांनी टेलिफोन ऑफिसात नोकरी केली, संसार केला, यजमान गेल्यावर नाशिकरोडच्या दोन खोल्यांत एकट्या राहिल्या. पण माणसाची पारख करायची रीत तीच राहिली.

आमच्या घरी आल्या की त्या आधी टेबलाखालून हात फिरवायच्या, मग माझी विचारपूस करायच्या. खुर्ची कुणी जमिनीवरून ओढली तर त्यांच्या तोंडून अशी किंकाळी निघायची की शेजारचे दार उघडून बघायचे. हिनं एकदा लिंबाच्या वासाचा फवारा मारून कपाट पुसलं, तर म्हणाल्या, "लाकडाला सरबत कशाला पाजतेस गं? कोरडं सुती फडकं घे आणि जरा मनगट चालव." त्यांच्या पर्समध्ये औषधं किंवा चष्मा सापडेल याची खात्री नसायची, मात्र मेणाची डबी, जुन्या धोतराचं फडकं आणि पॉलिशपेपरचा तुकडा हमखास असायचा.

पाथर्डी फाट्याला फ्लॅट घेतला तेव्हा आम्ही हौसेनं एक राखाडी, इंग्रजी एल अक्षरासारखा सोफा आणला. रविवारी नातेवाइकांना मिसळ खायला बोलावलं. लोक ताटल्या हातात घेऊन सोफ्याची तारीफ करत होते, इतक्यात आत्या म्हणाल्या, "सगळे उठा. जावईबापू, तुम्ही त्या बाजूनं धरा." आणि माझ्याच घरात, माझ्याच पाहुण्यांसमोर, माझ्याच हातांनी त्यांनी माझा सोफा पालथा करवला! खालचं काळं कापड टराटरा फाडलं. आत पॅकिंगच्या खोक्यांच्या फळ्या होत्या आणि त्यातल्या एकीवर बाण काढून 'ही बाजू वर' असं छापलेलं होतं. तीच नेमकी खाली होती. "वरून मखमल," आत्या सगळ्यांना दाखवत म्हणाल्या, "आणि आत हे! घेताना एकदा वाकून बघायला काय झालं होतं?" मी इतका संतापलो की आठ दिवस त्यांचा फोन उचलला नाही. वर्षाच्या आत सोफा मधोमध खचला आणि दोन टोकांना बसलेली माणसं घसरत एकमेकांच्या मांडीवर यायला लागली. माणसानं आगाऊपणा करावा आणि वर बरोबरसुद्धा असावं, हे मला सहन होत नाही.

त्यामुळे आमच्या लेकीच्या, मुक्ताच्या, स्थळासाठी इंदिरानगरला एका घरी जायचं ठरलं, तेव्हा आत्यांना न्यायला माझा विरोध होता. "घरातलं वडीलधारं माणूस आहे, नेलंच पाहिजे," ही म्हणाली. जिन्यातच मी आत्यांकडून शब्द घेतला की त्या कशालाही हात लावणार नाहीत. घर छान होतं. मुलाचे वडील अंबडच्या एका कारखान्यात मोठ्या हुद्द्यावर, बोलके. आई मात्र गप्प गप्प. मुलगा आणि मुक्ता गच्चीत बोलायला गेले. वडिलांनी आम्हाला घर दाखवलं आणि दिवाणखान्यातल्या एका उंच, पांढऱ्याशुभ्र कपाटावर थाप मारून म्हणाले, "हे जुनं सागवानी होतं बरं का. काळंकुट्ट दिसायचं. सगळ्या घराला पांढरं इंटिरियर केलं, मग यालाही ऑइलपेंट मारून घेतला. मॅच झालं!"

मी आत्यांकडे बघायचं टाळलं. तीच चूक झाली. पोहे आले, हवापाण्याच्या गप्पा निघाल्या आणि मध्येच खर्र खर्र असा आवाज यायला लागला. वळून बघतो तर आत्या कपाटाशी उकिडव्या बसलेल्या, हातात पॉलिशपेपर, आणि दाराच्या खालच्या कोपऱ्यात रुपयाएवढा रंग गेलेला.

"आत्या!" मी ओरडलो.

"सागाला ऑइलपेंट?" त्या माझ्यापेक्षा मोठ्यानं ओरडल्या. "अहो, श्वास कोंडलाय त्याचा! कुणी सांगितलं होतं तुम्हाला हे?"

मुलाच्या वडिलांच्या हातातला चमचा तसाच राहिला. मी माफी मागितली, दोनदा मागितली. मुलाच्या आई नुसत्या त्या रुपयाएवढ्या लाकडाकडे बघत होत्या. गच्चीवरून मुलं खाली आली आणि आम्ही निघालो. गाडीत मी जे बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही. मागच्या सीटवर आत्या पॉलिशपेपरची घडी घालत म्हणाल्या, "मुलगा चांगला वाटला मला. खुर्ची उचलून ठेवली त्यानं." आणि मुक्ता शांतपणे म्हणाली, "बाबा, आत्याआजीला कशाला बोलताय? आम्ही वरच ठरवलं होतं, नको म्हणून. त्याला दुसरीच कुणी आवडते." तरीही माझा राग आत्यांवरच राहिला. तो कुठेतरी ठेवायला हवाच होता.

चौथ्या दिवशी मुलाच्या आईचा फोन आला. मी पुन्हा माफीची तयारी केली. त्या म्हणाल्या, "त्या आत्या परत येतील का हो?" कपाट त्यांच्या आईचं होतं, आईनं काही वर्षांपूर्वी त्यांना दिलेलं. आईच्या शेवटच्या आजारपणात त्या दोन महिने सिन्नरला माहेरी होत्या. तेवढ्यात यजमानांनी, बायको परत आल्यावर तिला बरं वाटावं म्हणून, घर नवं करून घेतलं. आईला पोचवून त्या घरी आल्या तेव्हा आईचं कपाटही पांढरं झालेलं होतं. "ह्यांनी प्रेमानं केलं हो. बोलणार काय?" एवढं सांगून त्या रडायला लागल्या. मी फोन हिच्याकडे दिला.

झालं, आत्या निघाल्या. स्थळ मोडलेल्या घरी आमच्याकडची बाई दर रविवारी डबा घेऊन जाते, याचा मला किती संकोच वाटत असेल! पण त्यांना सोडायला आणि आणायला मलाच जावं लागे. दोघी बाल्कनीत कपाटाची दारं आडवी टाकून रंग खरवडायच्या. तिसऱ्या रविवारी मी गेलो तेव्हा कडीजवळचं लाकूड मोकळं झालं होतं. तेवढाच भाग काळपट, गुळगुळीत आणि किंचित खोलगट होता. मुलाच्या आई तिथं पॉलिशपेपर लावणार, तोच आत्यांनी त्यांचं मनगट धरलं. "इथं घासायचं नाही," त्या म्हणाल्या, आणि इतक्या हळू बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. "हा डाग नाही. हा तुमच्या आईचा हात आहे. रोज इथं धरून दार उघडायच्या ना?" त्या बाईंनी तिथं तळवा ठेवला आणि बराच वेळ काढला नाही. दारात उभे असलेले यजमान आत गेले, बनियनवर बाहेर आले आणि बायकोच्या शेजारी बसत म्हणाले, "खालचा कोपरा माझ्याकडे द्या." आत्यांनी त्यांना पॉलिशपेपर दिला, पण लगेच खेकसल्याही, "आडवा नाही हो, रेषांच्या दिशेनं!"

गेल्या वर्षी न्हाणीघरात पाय घसरून आत्यांच्या खुब्याचं हाड मोडलं. पुण्याहून मुलगा आला आणि आता एकटं राहायचं नाही, असं त्यानं ठरवून टाकलं. दोन खोल्यांतलं फर्निचर वाटायचं होतं. आत्यांनी पलंगावर पडल्या पडल्या मागायला येणाऱ्यांच्या मुलाखती घेतल्या. घरात कुत्रं आहे का, पश्चिमेचं ऊन येतं का, गरम भांडं टेबलावर ठेवता का. वडिलांच्या दुकानातलं लिहायचं टेबल आपल्याला मिळणार, असं आमची ही धरून चालली होती. ते इंदिरानगरला त्या बाईंकडे गेलं! सख्ख्या भाचीला डावलून! मी जाब विचारला तर म्हणाल्या, "जावईबापू, भाचीला वस्तू हवी आहे. त्या बाईंना हातानं काम येतं." मला त्यांनी काहीसुद्धा दिलं नाही. सोफ्याची आठवण मात्र न विसरता करून दिली.

आता त्या पुण्यात अठराव्या मजल्यावर राहतात. मी परवा फोन केला. घर कसं आहे म्हणून विचारलं आणि सवयीनं मोबाईल कानापासून जरा लांब धरला.

"चांगलं आहे," त्या म्हणाल्या. "सगळं भिंतीत बसवलेलं आहे. कपाटाची दारं आपोआप हळू मिटतात. सूनबाईही फार नीट ठेवते हो सगळं." मग म्हणाल्या, "माझ्याकडे कुणाचं काही काम निघत नाही इथं."

अठ्ठावीस वर्षं या बाईंनी चारचौघांत तोंड उघडू नये म्हणून मी देव पाण्यात ठेवले होते. आता मोबाईल कानाशी घट्ट धरून, त्या कशावर तरी चिडतील म्हणून मी वाट पाहत राहिलो.