सहा कलदार, सात हाली

आमच्या घरातली पहिली पदवीधर मी, आणि तीही अर्थशास्त्र घेऊन. हे मी मिरवते. कुणाला खटकलं तर खटको. पण पैशाचा पहिला धडा बानं दिला, आणि त्याच्या हातात जन्मभर पैसा असा आलाच नाही. तो निजामाच्या मुलखातल्या, वऱ्हाडाच्या शिवेवरच्या गोरेगावचा सुतार. लोकांचे वखर, तिफणी दुरुस्त करायचा, त्याची ज्वारी खळ्यावर मिळायची.

"बलुत्यानं पोट भरतं, माय," तो म्हणायचा. "पण ज्वारी ठेवली तर किडे खातेत. पोरीच्या हाती रोकड पाहिजे."

म्हणून त्यानं मला बाभळीचा डिंक काढायला शिकवलं. वऱ्हाडातला एक व्यापारी तो घ्यायचा. आमच्याकडं निजामाचा हाली रुपया चाले, वऱ्हाडात इंग्रजांचा कलदार. बाची ताकीद होती, "कलदारच घे. तो कुठंबी चालतो." आलेलं प्रत्येक नाणं तो लाकूड तासायच्या वाकसाच्या पात्यावर आपटून मला नाद ऐकवायचा आणि पाढ्यासारखं म्हणून घ्यायचा: सहा कलदार, सात हाली.

दोन उन्हाळ्यांत माझे सहा कलदार जमले. तिसऱ्या उन्हाळ्यात, अठ्ठेचाळीस साली, व्यापारी आलाच नाही. निजाम सरकारनं आपल्या मुलखात कलदार बंद केला म्हणतात, एवढं बाच्या कानावर होतं. पण खणखणीत नाणं कुणी म्हटलं म्हणून खोटं होतं, हे त्याच्या डोक्यात शिरत नव्हतं.

शेजारचा पिंजारी मामू लेकीच्या गावी कायमचा निघाला होता. त्याची तांबडी शेळी, अजून न व्यालेली, माझ्याच हातचा पाला खायची. किंमत सात हाली. दूध कुणाला घालायचं, पहिलं पिल्लू कधी विकायचं, सगळं मी ठरवून टाकलं होतं.

मामूनं नाणी पाहिली आणि हात मागं घेतला.

"बेटा, हे नको. घेतलं तर मला धरतील."

"नाणं तेच हाय ना?" बा म्हणाला.

"तेच हाय, भाऊ. चालत न्हाई."

"मग खळ्यावर ज्वारी देतो तुला."

"खळ्यापत्तोर मी कुठं हाय इथं? उद्या सकाळी निघून राहिलो."

आम्ही पेठेत सराफाकडं गेलो. त्यानं आधी दार लोटलं.

"चार हाली देतो. कुठं बोलायचं न्हाई."

"सहाला सात हायेत," बा म्हणाला.

"कोण म्हणतं?"

बा पुन्हा म्हणाला, "सहाला सात."

"काय सुतारा, वाकसानं भाव तासून राहिला का?" गादीवर टेकलेला एक जण म्हणाला. सगळे हसले. बाही थोडा हसला. ते हसणं मला अजून सहन होत नाही.

परत आलो तेव्हा वरच्या आळीतला एक जण मामूला सात हाली मोजून देत होता. दावं ओढलं तशी शेळी माझ्याकडं वळली. मी पाला धरला नाही.

घरी आल्यावर मी विचारलं, "बा, काहून चालत न्हाई?"

त्यानं वाकस घेतला. एक कलदार पात्यावर आपटला. कान देऊन ऐकलं. पुन्हा आपटला.

"आवाज तर बराबर हाय," तो म्हणाला, आणि मीच काही सांगेन म्हणून माझ्या तोंडाकडं बघत बसला.