एका ओट्याच्या तीन दिशा

सुधीर नव्या ओट्यासमोर फोन आडवा धरून उभा होता. "मॅडम, हे साउथ दाखवतंय," तो म्हणाला. "म्हणजे आईनं दक्षिणेकडे तोंड करून स्वयंपाक करायचा?"

मी आर्किटेक्ट आहे. बसवनगुडीतलं हे लहानसं घर मी सुधीरच्या आईसाठी, सावित्रीअक्कांसाठी बांधलं. स्वयंपाक करताना तोंड पूर्वेला हवं, ही अक्कांची एकच अट होती. ड्रॉइंगमध्ये ओटा पूर्वेच्या भिंतीला होता आणि बांधलाही तिथंच होता. दोन दिवसांवर गृहप्रवेश आला होता, आणि आता फोन काही वेगळंच सांगत होता.

"फोडायला लागेल काय गं, वैशाली?" अक्कांनी विचारलं. आवाज शांत होता, पण पदराचं टोक मुठीत आवळलेलं होतं. "जन्मभर भाड्याच्या घरात रांधलं. ओटा जिकडं, तिकडं तोंड. हे एक तरी मनासारखं होऊ दे म्हटलं होतं."

मला फार वाईट वाटलं. ओटा फोडायचा म्हणजे वरचा ग्रॅनाइट, मागच्या टाइल्स, भिंतीतली गॅसची आणि पाण्याची लाइन, सगळंच उखडायचं. शुक्रवारचा मुहूर्त हातचा गेला असता. वर अक्कांचा माझ्यावरचा विश्वास उडाला असता तो वेगळाच.

"थांबा, मी बघते," म्हणून मी माझा फोन काढला. तो काढणं हा एक कार्यक्रमच असतो. मला ॲक्सेसरीजचा नाद आहे. फोनच्या पाठीवर मॅग्नेटची रिंग, रिंगला चिकटणारं कार्डांचं पाकीट, आणि त्या पाकिटाचा उघडून होणारा स्टँड. इथल्याच शिवाजीनगरच्या बाजारगल्लीत मी कव्हरं बघत उभी राहिले की नवरा सरळ चहा प्यायला निघून जातो. सुधीरच्या फोनला माझ्यासारखंच पाकीट होतं आणि ते बघून पहिल्याच मीटिंगला आमचं जमलं होतं.

माझा फोन म्हणाला, ओट्याचं तोंड वायव्येला आहे.

आमच्या नागराज मेस्त्रीनं खिशातून त्याचा फोन काढला. त्याला चुंबकाच्या बटणानं बंद होणारं पाकिटासारखं कव्हर होतं. तो फोन म्हणाला, ईशान्य. "मॅडम, ईशान्य पण चांगलीच दिशा की," नागराज म्हणाला. त्याला भांडण मिटवायची भारी हौस.

माझा पहिला संशय सळयांवर. काँक्रीटच्या पोटात लोखंडी सळया असतात आणि लोखंड जवळ आलं की होकायंत्र बिचकतं. म्हणून आम्ही सगळे बाहेर मोकळ्या रस्त्यावर आलो. तिथंही तीन फोन आणि तीन दिशा. भर दुपार, वर दाट ढग, त्यामुळे सूर्यालाही विचारायची सोय नव्हती.

"कॅलिब्रेट करू या," सुधीर म्हणाला. म्हणजे फोन हवेत इंग्रजी आठच्या आकड्यासारखा फिरवायचा. आम्ही तिघं भर रस्त्यात फोन ओवाळत उभे राहिलो. एका ऑटोवाल्यानं गाडी हळू करून "एनाय्तु?" असं कानडीत विचारलं. काय झालं ते कुणालाच सांगता येईना, म्हणून तो निघून गेला. दिशांमध्ये काही फरक पडला नाही. अक्का दारात उभ्या राहून हे सगळं बघत होत्या, आणि त्यांच्याकडे बघायचं मला धैर्य होईना.

मग मी सुधीरला म्हटलं, "जरा जागेवर सावकाश गोल फिर."

"कशाला?"

"फिर तर खरं."

तो फिरला. त्याच्याबरोबर दक्षिणही फिरली. रस्त्याच्या टोकाच्या देवळाकडे तोंड केलं तरी दक्षिण, घराकडे केलं तरी दक्षिण. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. फोनमध्ये चुंबकाचं बळ मोजणारी एक छोटी चिप असते. पृथ्वीचं चुंबकत्व अगदी मंद असतं, त्यावरून ती उत्तर ओळखते. आम्ही तिघांनी तिच्या पाठीलाच मॅग्नेट बांधून ठेवलं होतं. ती बिचारी उत्तर म्हणून आमचं कव्हर दाखवत होती.

"कव्हरं काढा," मी म्हटलं.

सुधीरचं पटकन निघालं. नागराजचं कव्हर पार चिकटून बसलं होतं. ते सोलून काढावं लागलं. माझं सगळं काढायला सर्वांत जास्त वेळ लागला. तिन्ही उघडे फोन पुन्हा ओवाळून आम्ही आत आणले आणि ओट्यावर भिंतीकडे टोक करून ओळीनं ठेवले. पूर्व, पूर्व, पूर्व.

अक्कांनी चष्मा लावून तिन्ही फोन वाकून बघितले. कुणाच्याही सांगण्यावर त्यांनी विश्वास ठेवला नाही, आणि ते बरोबरच होतं. मग त्यांनी मुठीतला पदर सोडला. "सरी, ठीक आहे," त्या म्हणाल्या, "आता स्वल्प कॉफी घ्या सगळ्यांनी." माझा जीव भांड्यात पडला.

अक्कांनी थर्मासमधून आणलेल्या कॉफीचा पेला घ्यायला मी हात पुढे केला आणि माझ्या कोपराचा फोनला धक्का लागला. नवं पॉलिश केलेलं ग्रॅनाइट, आणि जन्मात पहिल्यांदाच उघडा पडलेला फोन. तो अलगद घसरला आणि खालच्या टाइलवर पालथा पडला.

मग नागराज वाकला, नीट निरखून पाहिलं आणि म्हणाला, "मॅडम, पडला तरी टोक पूर्वेलाच आहे."

शुक्रवारी अक्कांनी पूर्वेकडे तोंड करून दूध तापवलं आणि ते भरभरून उतू गेलं. तो फोटो माझ्याकडे आहे. त्यात अक्का हसताहेत आणि त्यांच्या कपाळावरून एक तडा गेलाय, तो माझ्या स्क्रीनचा.

कव्हर घातलं तर दिशा कळत नाही आणि काढलं तर फोन टिकत नाही, एवढं मी त्या दिवशी शिकले. आता साइटवर जाताना पर्समध्ये एक साधं होकायंत्र ठेवते. त्याच्यासाठी शिवाजीनगरातून एक सुंदर कव्हर आणलंय. त्याला मॅग्नेट नाही ना, हे दुकानदाराला दोनदा विचारून घेतलं.