चार ओळींचं पान

डॉर्कस पेनफोल्ड ही पाववाल्याची मुलगी. लग्न होऊन ऑक्सफर्डमधल्या एका लॅटिनच्या पंडिताच्या घरात आली आणि वर्षाच्या आत तिचं धुणीघर गेलं. नवरा अँब्रोज पेनफोल्ड आणि त्याचा मित्र गार्थ यांनी तिथे हाताने दाबायचं लोखंडी छापयंत्र आणून बसवलं. कपडे आता कुठे धुवायचे, हे दोघांपैकी एकाही विद्वानाला सुचलं नाही. तिने बादली स्वयंपाकघरात हलवली आणि "प्रभू, यांना तूच सांभाळ" म्हणून कामाला लागली.

छपाईचा कागद आदल्या दिवशी ओलसर करून वजनाखाली ठेवावा लागे. किती ओला, ते दोघांना ग्रंथांतून सापडेना. डॉर्कसने दोन बोटांनी कागद चाचपला. "कणकेवर फडकं टाकतो ना, तेवढा," ती म्हणाली. त्या दिवसापासून कागद तिच्याकडे, आणि हळूहळू वापरलेले खिळे, म्हणजे छपाईची शिशाची सुटी अक्षरं, खणांत परत लावणंही तिच्याकडेच. बारा वर्षांत सात छोटी पुस्तकं निघाली.

आठवं पुस्तक डॉक्टर फेअरवेदर यांचं. हे त्या दोघांचे म्हातारे गुरू. जुन्या लॅटिन प्रार्थना त्यांनी इंग्रजीत आणल्या होत्या. त्यांची नजर झपाट्याने चालली होती. ईस्टरनंतर फारसं दिसणार नाही, असं डोळे तपासणाऱ्यांनी सांगितलं होतं. आपलं पुस्तक आपल्या डोळ्यांनी वाचावं, एवढं एकच त्यांनी मागितलं होतं.

दोघे जिवापाड झटले. नुसत्या समासावर तीन आठवडे वाद.

"अरे गार्थ, वर एवढी मोकळी जागा? पानाला टक्कल पडलंय!"

"तुलाही पडलंय. शोभतं की!"

खिळे निवडले तेही संग्रहातले सगळ्यांत बारीक, नाजूक. ईस्टरला अडीच आठवडे उरले असताना पुस्तक बांधून झालं आणि तिघं ते घेऊन डॉक्टरांकडे गेली.

म्हाताऱ्याने पान नाकाशी नेलं. उठून खिडकीपाशी गेला. पुन्हा नाकाशी नेलं.

"सुंदर आहे," तो म्हणाला. "मुंग्यांची रांग. फार शिस्तीची रांग."

परतताना डॉर्कस म्हणाली, "मी दर बुधवारी त्यांना वाचून दाखवायला जाते. त्यांना किती दिसतं ते मला तरी विचारायचंत!"

दुसऱ्या दिवशी सकाळची प्रार्थना आटोपून तिने फळीखालचा धुळकट खोका ओढला. आत इंचभर उंचीची लाकडी अक्षरं होती.

"अगं, ही गुरांच्या लिलावाच्या जाहिरातींची अक्षरं!" अँब्रोज दचकला.

"देवाला चालतील."

"पानावर चार ओळी मावतील जेमतेम."

"मग चार छापू. तुम्ही भांडा खुशाल, मी शाई लावते."

अक्षरं इतकी थोडी, की चार ओळी छापायच्या, सोडवायच्या, तेव्हा कुठे पुढच्या चार जुळणार. पहिलं पान तिने एकटीने जुळवलं आणि ओलं असतानाच नेलं. मागून दोघे आले.

डॉक्टरांनी पान हातभर लांब धरलं आणि खणखणीत आवाजात वाचलं. थांबले.

"पुढे?"

"पुढचं अजून खोक्यात आहे, डॉक्टर. उद्या."

"उद्या किती वाजता?"

"तुमच्या शिष्यांनी हात चालवले तर चहाच्या आधी."

"पेनफोल्ड! इथे काय उभा राहिलायस? घरी जा!"

गार्थ तोवर जिना उतरलाही होता.

रविवारी डॉर्कस यंत्राला हात लावत नसे, म्हणून शनिवारी दोन पानं. ईस्टरपर्यंत अठरा झाली आणि अठराही डॉक्टरांनी स्वतः वाचली. अठराव्या पानाला अर्धा तास लागला. ती गुपचूप विणत बसली होती. एकही शब्द तिने सुचवला नाही.

एकोणिसावं पान त्यांनी हातात घेतलं, बराच वेळ धरलं आणि तिच्याकडे दिलं.

"हे तू वाच, मुली."

तिने वाचलं, अगदी सावकाश. आमेन दोघांनी मिळून म्हटलं.