व्हार्निश लावलेले जीवाश्म

शिरूरच्या एका कॉलेजात भूशास्त्राच्या प्रयोगशाळेत मी शिपाई होते. काचा पुसायच्या, दगड धुवायचे, ट्रे लावायचे. शिक्षण चौथीपर्यंत. तरी ब्रॅकिओपॉड म्हणजे काय, ते मला विचारा. समुद्रातला फार जुना जीव, त्याचा आता दगड झालाय. दिसायला शिंपल्यासारखा, पण शिंपला नव्हे. याचं वरचं कवच आणि खालचं कवच लहानमोठं असतं, मात्र कुठलंही एक कवच घ्या, त्याची डावी बाजू उजवीशी तंतोतंत जुळते. शिंपल्याचं नेमकं उलटं. कवचाच्या निमुळत्या टोकाला, म्हणजे चोचीपाशी, एक भोक असतं, त्यातून देठ काढून हा जीव खडकाला धरून बसायचा.

आमच्या जुन्या सरांनी हे दगड कच्छातून आणि हिमाचलातून स्वतः आणले होते, प्रत्येकावर काळ्या शाईनं नंबर घालून वहीत त्याची जात लिहिली होती. आपल्याकडच्या काळ्या खडकात असलं काही मिळत नाही. ते सांगायचे, "मावशी, आधी रेघा बघा, मग चोच, मग पुढची कड. लहान-मोठेपणा सगळ्यात शेवटी. नातू आणि आजोबा काही वेगळ्या जातीचे नसतात." सुपात ज्वारीतले खडे वेचावेत तशी मी ते निवडायचे. दोन जाती मात्र छळायच्या. दोन्ही गुळगुळीत, दोन्ही साधारण पावट्याएवढ्या, आणि दोन्हींत बारके-मोठे असायचेच. भिंगाखाली धरलं की एकीच्या कवचावर सुईनं टोचल्यासारखी छिद्रं दिसायची, दुसरीवर नाही. एवढाच फरक.

सर गेले. मी निवृत्त होऊन दौंडला लेकीकडे राहायला आले. गेल्या वर्षी नव्या सरांचा फोन आला. "मावशी, परवा तपासणीची कमिटी येतेय. ट्रे लावून द्या." सकाळच्या एसटीनं गेले. दारातच व्हार्निशचा वास आला.

नवा शिपाई खुशीत होता. "बघा मावशी, कसं चमकाय लागल्यात! सोड्याच्या पाण्यात घासलं, आन् दोन हात मारलं."

"त्यावरचे नंबर कुठं हायेत?"

"ते काळं काळं? निघालं की समदं!"

साहेब येणार म्हटलं की आपल्याकडे झाडांना गेरू लागतो, कठड्याला चुना लागतो. तसं दगडांना व्हार्निश. त्या बिचाऱ्याला काय बोलू? हुकूम नव्या सरांचा होता. वर सगळे ट्रे एकाच घमेल्यात ओतलेले.

रेघांचे निवडले. कडेला घडी असलेले निवडले. त्या दोन गुळगुळीत जाती राहिल्या. छिद्रं व्हार्निशनं बुजली होती. एकाला थिनर लावून बघितलं, तर छिद्रांत पांढरा लगदा बसला. नंबर नाहीत, त्यामुळे जुन्या सरांची वही असूनही उपयोग नाही. दुपारपर्यंत खिडकीशी बसून एकेक उन्हात फिरवला. नाही जमलं.

नवे सर म्हणाले, "मोठे एका ट्रेत, बारके दुसऱ्या ट्रेत. लावा नावाच्या चिठ्ठ्या. कमिटीला काय कळतंय?"

"कमिटीला नसंल कळत. पण उद्या पोरं ह्याच्यावरनंच शिकणार न्हवं का?"

"मावशी, तुम्ही चौथी शिकलेल्या. मला शिकवू नका."

"मग चौथी शिकलेल्या बाईला दौंडावरनं कशाला बोलावलं?"

ते लाल झाले. मी सगळे गुळगुळीत दगड एकाच ट्रेत ठेवले आणि कार्डावर लिहिलं : दोन जाती मिसळल्या आहेत. व्हार्निशमुळे ओळखता येत नाहीत. अक्षर माझं मोठं, वेडंवाकडं. कार्ड समोर उभं केलं आणि निघाले.

दोन दिवसांनी शिपायाचा फोन आला. "मावशी, तुमचं कार्ड सरांनी काढलं. मोठं-बारकं करून दोन ट्रे खिडकीकडच्या कपाटात लावलं. कमिटी लई खूश झाली. फोटोबी काढलं."

राग अजून गेलेला नाही, आणि जाऊही नये. जुन्या सरांनी डोंगर चढून आणलेला माल, माझी वर्षानुवर्षांची नजर, सगळं व्हार्निशच्या एका डब्यात बुडवलं आणि वर चुकीचं नाव चिकटवलं. त्या कॉलेजात माझं कुणी ऐकणार नाही. म्हणून इथं लिहून ठेवते : खिडकीकडच्या कपाटातल्या त्या दोन ट्रेंवरची नावं खोटी आहेत. कुणी त्यावरून शिकू नये.