फौजीच्या झाडाचे टमाटे

बारदान्याच्या धंद्यात एक गोष्ट पक्की. पोतं कितीही झटका, तळाशी मूठभर काहीतरी राहतंच. हळदीच्या पोत्यात हळद, सोयाबीनच्या पोत्यात सोयाबीन. माझ्या दुकानापुढच्या बाकाचंही तसंच आहे. माणसं येतात, चहा पितात, उठून जातात. पण दर वेळी काहीतरी मागे सांडून जातात. आमच्या डोंगरकडा गावात पंचवीस वर्षं मी रिकामी पोती विकतोय आणि हे सांडलेलं गोळा करतोय. सगळं सांगत बसलो तर दुकान बंद ठेवावं लागेल! म्हणून आज फक्त टमाट्याच्या झाडाचं सांगतो.

हो, झाडाचं. रोपाचं नाही.

बाकावर रोज बसणारी माणसं तीन. नामदेवमामा, शेळ्या-मेंढ्यांवाले, वयानं सगळ्यात मोठे. बळीराम, ऊस आणि हळदवाला. आणि किशनराव, फौजेतून हवालदार होऊन घरी आलेला. त्याला त्याच्या बायकोशिवाय सगळं गाव फौजीच म्हणतं.

फौजीची निम्मी नोकरी तिकडं सिक्कीमच्या डोंगरात गेली. तिथलं तो जे काही सांगायचा, त्यातलं बाकाला काहीच पटायचं नाही. एक दिवस म्हणाला, "तिकडं घराघरापुढं टमाट्याची झाडं असतेत. माणसाच्या डोक्याच्या वर! खाली उभं राहायचं आन् तोडायचं."

मामा शांतपणे म्हणाले, "हे बघ, बर्फाचं काय सांगायचं ते सांग. बर्फ मी बघितला न्हाई. पण टमाटा मला ठाव हाय."

बळीराम हसला. मीही हसलो. फौजी तसा थंड माणूस, पण त्या दिवशी उठून उभा राहिला.

"लावून दाखवतो! न्हाई लागले टमाटे, तर या बाकावर परत तोंड उघडणार न्हाई!"

ही पैज साधी नव्हती. घरी त्याचं कुणी ऐकत नव्हतं. लेकरं शहरात, आणि त्याच्या बायकोनं, शांतावहिनींनी, सगळं दोनदा ऐकलेलं. बोलायला त्याला जागा उरली होती ती एवढीच, साडेचार फुटांच्या बाकाची.

* * *

दिवाळीनंतर फौजीच्या जुन्या सोबत्याकडून पार्सल आलं. ओल्या गोणपाटात गुंडाळलेल्या सहा काड्या. हातभर लांब, अंगठ्यापेक्षा जाड, एकही पान नाही. पुस्तकात याला टॅमरिलो म्हणतात, तिकडं रूख टमाटर. बी लावलं तर झाड उंच सरळ वाढतं. काडी लावली तर खालीच फांद्या फुटतात आणि फळही लवकर येतं, असं त्या सोबत्यानं फोनवर सांगितलं होतं.

फौजीनं काड्या बाकावर मांडल्या. मामांनी एक उचलली, वाकवून बघितली, वास घेतला.

"आपल्याकडं सरपण संपलं व्हय रे, म्हणून पोस्टानं मागवलं?"

तरी पण वाटणी झाली. फौजी म्हणाला, एकाच अंगणात ठेवायला नको. काही झालं तर सगळ्याच जातील. तीन त्यानं ठेवल्या. एक मामांना, एक बळीरामला, एक मला.

आता पुढचं सांगताना मी आधीच सांगितलं पाहिजे की आम्ही तिघांनीही मनापासून लावल्या. पैजेत विरुद्ध बाजूला असलो तरी काडीशी कुणाचं वैर नव्हतं!

* * *

बळीराम आठ दिवसांनी आला तो छाती काढूनच.

"फौजी, तुझ्या एका काडीच्या मी पाच केल्या!"

"पाच कशा केल्या?"

"कशा म्हणजे? कोयत्यानं! दोन-दोन डोळे धरून टिपऱ्या पाडल्या, सरीत आडव्या टाकल्या, वरून माती लोटली आन् मोकळं पाणी सोडलं."

फौजी डोळे मिटून बसला. बळीरामच्या घरात तीन पिढ्या ऊसच लावत आल्या. त्याच्या हातात कुठलीही काडी आली की हात आपोआप टिपरी पाडतो. पण या झाडाच्या मुळांना साचलेलं पाणी अजिबात चालत नाही, आणि काडी उभी लावावी लागते.

पंधरा दिवसांनी उकरलं तर पाचही टिपऱ्या काळ्या पडून मऊ झालेल्या. बळीराम उलट फौजीवरच तापला.

"मंग आधी सांगायचं ना, हा ऊस न्हाई म्हणून!"

* * *

मामांची काडी तशी नीट उभी लावलेली होती. भुसभुशीत माती, बेताचं पाणी, वर चिंचेची सावली. तरी महिना झाला, कोंब नाही. फौजी बघायला गेला. त्याच्याबरोबर मीही गेलो.

फौजीनं विचारलं, "मामा, काडी हलली-बिलली तर न्हाई ना?"

"हलंल कशी? मी सोता ध्यान देऊन राहिलो. रोज उपसून बघतो, मुळी फुटली का. न्हाई दिसली की परत तशीच खोवून ठेवतो."

"रोज?"

"सकाळी एकदाच! जास्ती तकलीफ देत न्हाई."

फौजीला हसावं की रडावं कळेना. मामा मात्र खरंच गोंधळले होते. "अरे, शेळी गाभण हाय का न्हाई, ते आमी हात लावूनच बघतो की."

फौजी म्हणाला, "व्हय मामा. पण पिल्लू बाहेर काढून बघता, आन् परत आत ठेवता का?"

मामांनी काडीकडं बघितलं. मग म्हणाले, "शेळी तसं करू देत न्हाई."

* * *

या दोघांना मी पोटभर हसलो. तेव्हा माझीही काडी उगवायची होती!

मी शाळेत सातवीपर्यंतच गेलो. पुढचं सगळं बघून, विचारून आणि चुकून शिकलो. त्यामुळे फौजीनं सांगितलेलं मी कागदावर लिहून घेतलं होतं: एक टोक सरळ कापलेलं, दुसरं तिरकं, वीतभर जमिनीत, बाकी वर. कोणतं टोक जमिनीत, हे लिहायचं तेवढं राहिलं. मी अक्कल चालवली. मेखेचं टोक तिरकं असतं आणि ते जमिनीत जातं. ठोकली!

सहा आठवडे झाले. शेवटी फौजी घरी आला, हौदाशेजारी उकिडवा बसला, काडीवरच्या डोळ्यांवरून बोट फिरवलं आणि माझ्याकडं बघितलं.

"शेठ, याचे पाय आभाळाकडं हायेत."

तिरका काप वरच्या टोकाला असतो, पावसाचं पाणी त्यावर थांबू नये म्हणून. माझी काडी महिना-दीड महिना डोक्यावर उभी होती. सुलटी करून बघितली, पण तिच्यात काही राहिलं नव्हतं.

आमच्या सौभाग्यवती स्वयंपाकघराच्या दारातून सगळं ऐकत होत्या. "डॉक्टरनं यांना सांगितलं होतं, रोज आसनं करा म्हणून. यांनी झाडाला लावलं करायला!"

* * *

राहिल्या फौजीच्या तीन. तिन्ही फुटल्या! पान केवढं, तर तळहातापेक्षा मोठं, पिंपळासारखं पण मऊ, आणि चुरगाळलं की उग्र वास. मामा येऊन पान बघून गेले. बाकावर म्हणाले, "पानं आली म्हणजे टमाटे आले असं न्हाई. पानं तर सागाला बी येतेत."

पण खरी परीक्षा मे महिन्यात होती. हे झाड थंड डोंगरातलं. आपल्याकडं मे महिन्यात पत्र्यावर पापड भाजतो. फौजी दुकानात आला आणि फाटका बारदाना मागितला. मी पंधरा पोती दिली. त्यानं चार बांबू रोवून झाडांवर पोत्यांचा मांडव घातला, बुडाशी उसाचं पाचट पसरलं, आणि दिवसातून तीनदा मांडवावर पाणी मारायला लागला. तरीही एक झाड वाळलं. भर दुपारी पानं गळाली आणि आठ दिवसांत नुसता दांडा राहिला.

दुसऱ्या दिवशी शांतावहिनी दुकानात. कधी येत नाहीत.

"भाऊजी, आमच्या खोलीतला कूलर कुठं गेला, ते तुमच्या दोस्ताला विचारा."

मी गेलो. कूलर मागच्या पडवीत, तोंड झाडांकडं! पाण्यानं भरलेला, सुसाट चालू. दोन झाडं पंगतीला बसल्यासारखी गार वारा खात होती.

मी म्हणालो, "फौजी, वहिनी घामानं भिजून राहिल्या."

तो म्हणाला, "शेठ, तिचा जन्म इकडचाच, हट्टा गावचा. तिला सवय हाय. यांना कुठं सवय हाय?"

वहिनी मागं उभ्या होत्या. त्यांनी ऐकलं. जाऊन खुर्ची आणली आणि झाडांच्या ओळीत तिसरी होऊन बसल्या. उन्हाळाभर दुपारी त्या तिथंच निवडण-टिपण करायच्या.

* * *

मृगाच्या तोंडावर वादळ आलं. या झाडाचं लाकूड ठिसूळ आणि मुळं वरवरची. एक झाड मधोमध मोडलं. आता एकच राहिलं. फौजीनं त्याला तीन बाजूंनी खुंट्या देऊन सुतळीनं बांधलं. बाकावर आता कुणी हसत नव्हतं. बळीरामसुद्धा आल्या-आल्या विचारायचा, "कसंय?" जसं दवाखान्यात कुणी असावं.

हिवाळ्यात त्याला फुलं आली. गुलाबीसर, झुपकेच्या झुपके. बातमी बाकावर आली आणि आम्ही चौघं मिळून बघायला गेलो. फौजी पुढं झाला आणि आमच्या देखत सगळी फुलं खुडून टाकली!

"अरे अरे अरे!" बळीराम ओरडला. "नवरदेव मांडवात आला आन् तू परत पाठवतोस काहून?"

"सोबत्यानं सांगितलंय. पहिल्या वर्षी फुलं ठेवायची न्हाईत. झाडाला ताकद येऊ द्यायची."

मामांनी माझा हात धरून मला बाजूला घेतलं. "शेठ, याला कळलंय की टमाटे येणार न्हाईत. दोष झाडावर यायला नको म्हणून फुलंच तोडली. बिचारा."

ते 'बिचारा' फौजीनं ऐकलं. चिडला असता तर बरं वाटलं असतं. पण तो पुढचे कितीतरी दिवस बाकावर येऊन नुसता चहा पिऊन जायचा. पैज हरायच्या आधीच त्यानं शिक्षा सुरू केली होती.

* * *

दुसरा उन्हाळा गेला. पुन्हा कूलर, पुन्हा पोती, पुन्हा वहिनींची खुर्ची. पावसाळ्यात परत फुलं आली, आणि या वेळी राहिली. त्यांच्या जागी हिरव्या गोट्या आल्या. पाच महिने त्या गोट्या काही केल्या पिकेनात! आणि संक्रांतीनंतर एक दिवस फौजी दुकानात आला, आणि नुसता म्हणाला, "चला."

सात फळं. अंड्याएवढी, लांब देठाला लोंबणारी, लालभडक. झाड फौजीच्या डोक्याच्या वर वीतभर.

मामांनी चष्मा लावला. आधी देठ बघितला, मग देठाची फांदी. "दोरा न्हाई," ते म्हणाले. स्वतःच्या हातानं एक फळ तोडलं, धोतराला पुसलं आणि फौजी काही म्हणायच्या आत सालासकट कचकन चावलं.

साल कडू असते. मामांचं तोंड बघण्यासारखं झालं.

"मामा, साल काढायची असती."

"मंग आधी सांगायचं ना!" हे बळीराम म्हणाला. त्याला एवढ्यासाठी दोन वर्षं थांबावं लागलं होतं.

वहिनींनी दोन फळं चुलीत भाजली, साल काढली, लसूण, हिरवी मिरची, मीठ घालून ठेचली. मामांनी अर्धी भाकरी खाल्ली. मग उरलेली अर्धी. मग आणखी एक मागून घेतली. हात धुतला आणि जाहीर केलं, "टमाटाच हाय. झाडाचाच हाय. आजपासून फौजीला बाकावर कुणी अडवायचं न्हाई."

* * *

दुसऱ्या दिवशी फौजी इस्त्रीचा शर्ट घालून बाकावर आला. चहा आला. त्यानं घसा खाकरला.

"तिकडं एका ठाण्यावर धुकं असं असायचं की आपलाच हात आपल्याला दिसायचा न्हाई."

"असंल," मामा म्हणाले.

फौजी पुढं सरकला. "आमचा एक स्वयंपाकी तर सकाळी टोपी काढून धुक्यावर टांगायचा. खिळा न्हाई, खुंटी न्हाई. तशीच लटकून राहायची."

"दाट असलं की राहणारच," बळीराम म्हणाला.

फौजीनं माझ्याकडं बघितलं. मी मान डोलावली.

"दोन दिवस लटकत होती!" तो जवळजवळ ओरडलाच.

"दोनच?" मामांनी विचारलं.

फौजीनं अर्धा चहा तसाच ठेवला आणि उठून गेला; वाद घालायला कुणी उरलंच नव्हतं. तीन दिवस आला नाही. वहिनींना विचारलं, तर म्हणाल्या, घरीच आहेत, झाडापाशी बसतात, जेवतात बराबर, बोलत मात्र नाहीत.

चौथ्या दिवशी आला. बाकाच्या टोकाला बसला. खाली बघत हळूच म्हणाला, "मामा, एक कबूल करायचंय. ते टमाटे झाडाचे नव्हते. मी बाजारातून आणून डिंकानं चिकटवले होते."

 मामा ताडकन उठले.

"काय थापा मारून राहिला रे? म्या सोता तोडलंय! ह्या हातानं! देठ कसा कटकन मोडला!"

"डिंकाचा तसाच मोडतो," फौजी म्हणाला.

"एवढा खोटारडा माणूस मी आख्ख्या जिल्ह्यात बघितला न्हाई!" बळीराम म्हणाला.

फौजी टोकावरून सरकून बाकाच्या मधोमध आला, पाठ टेकवली, पाय लांब केले.

"शेठ," तो म्हणाला, "चहा सांगा. आन् तो डिंक कसा केला, ते ऐका."