लोखंडी पळी आणि तेल पिणारी गाडी

मुलांनो,

परवा फोनवर तुमच्यातली धाकटी म्हणाली, "माझी गाडी फार तेल खाते गं आजी, पण तुला नाही कळायचं ते." मी हो म्हटलं आणि फोन ठेवला. मग दुपारी पडले तर डोळा लागेना. ते मला चांगलंच कळतं. ऐंशी ओलांडल्यावर आठवणी क्रमाने येत नाहीत, आलेली परत येईल याची खात्री नसते, म्हणून ही एक आजच लिहून ठेवते.

सत्तर साल नुकतंच उलटलं होतं. आम्ही धरमपेठेत राहत होतो. तुमच्या आजोबांनी पिस्ता रंगाची एक जुनी गाडी घेतली होती. तिच्या इंजिनात तेल ओतावं तेवढं ती पीत असे आणि मागून निळा धूर सोडत असे. थंडीच्या सकाळी सिव्हिल लाइन्सच्या झाडांखालून जाताना मी मागे वळून बघे. धूर रस्त्यावर तरंगत उभा असे आणि त्यातून सायकली एकेक करून बाहेर येत, जणू तिथेच तयार होत असाव्यात. मला ते बघायला फार आवडे. आजोबांना मात्र लाज वाटे. एकदा सीताबर्डीच्या चौकात एक सायकलवाला शेजारी थांबून म्हणाला होता, "काहो साहेब, डास मारून राहिले का?"

पण गाडीची खरी गरज होती आईंना. आई म्हणजे माझ्या सासूबाई. त्यांचे गुडघे गेले होते. त्यांची थोरली बहीण महाल भागात राहायची, दोन वर्षं अंथरुणावर. रिक्षाच्या धक्क्यांनी आईंचे गुडघे सुजत, आणि बसमध्ये चढणं शक्यच नव्हतं. म्हणून दर रविवारी आम्ही त्यांना गाडीने तिकडे नेत असू. दोघी बहिणी फारसं बोलत नसत. एक पलंगावर, एक खुर्चीत, हातात हात. खिडकीतलं ऊन फरशीवरून सरकत समोरच्या भिंतीवर चढलं की आई उठत. मी कोपऱ्यात पुस्तक घेऊन बसलेली असे, पण पान उलटल्याचं आठवत नाही.

एका डिसेंबरात आजोबांनी सदर भागातल्या गाडीच्या मिस्त्रींना घरी बोलावलं. त्यांनी तेलाचा भरलेला डबा आणला, इंजिनात तेल मोजायच्या पट्टीवरच्या वरच्या खुणेपर्यंत तेल भरलं आणि डबा शेडमध्ये ठेवून दिला. म्हणाले, "आता आठ दिवस थेंब टाकू नका. रोज सकाळी पट्टी काढून पाहा. तेल खालच्या खुणेच्या खाली गेलं, तर इंजिन संपलं समजा. मंग मोह ठेवू नका, विकून टाका."

आई व्हरांड्यात तांदूळ निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

पट्टी पाहायचं काम माझ्याकडे आलं. मी एका वहीत रकाने आखले. पहिल्या दिवशी तेल वरच्या खुणेवर. दुसऱ्या दिवशी तिथेच. चौथ्या दिवशीही तिथेच. आजोबा रोज ऑफिसला गाडी नेत, धूर तसाच निघे, पण तेल हलेना. "बरी झाली की काय ही?" ते म्हणाले. पाचव्या दिवशी तेल खुणेच्याही वर गेलं होतं. मी पट्टी फडक्याने पुसून पुन्हा बुडवली. पुन्हा तेच.

सहाव्या दिवशी मी नेहमीपेक्षा लवकर उठले. बाहेर धुकं होतं. शेडमध्ये आई उभ्या होत्या. बॉनेटला त्यांनी आपली काठी टेकू म्हणून लावली होती आणि काठी नाही म्हणून एका हाताने मडगार्ड धरलं होतं. दुसऱ्या हातात लोखंडी पळी. देवघरातल्या नंदादीपात घालतात तशी तेलाची बारीक, न तुटणारी धार. ओठ हलत होते.

"आई."

त्या दचकल्या नाहीत. "दिव्यात तेल घालून आली. म्हटलं इथंबी एक पळी. विझू नये."

"जास्त झालंय. खुणेच्या वर गेलंय."

"जास्तीनं काय होते?"

"धूर वाढतो."

त्यांनी पळी थांबवली. "मंग काय करू वं? तुले तर वहीत लिहायचं हाय."

मी बॉनेट धरून त्यांना काठी काढून दिली. वहीत लिहिलं, 'वरच्या खुणेवर'. दिवसभर तो रकाना डोळ्यांपुढून जाईना.

आठवड्याने मिस्त्री आले. वही पाहून त्यांनी माझ्या अक्षराचं कौतुक केलं. मग डबा उचलला आणि हातात तोलला. "हा मी भरून ठेवला होता. गाडीनं नाही पिला, तर पिला कोण?"

आजोबांनी माझ्याकडे पाहिलं. व्हरांड्यातून आवाज आला, "मी पाजला."

"आई, मला सांगायचं ना," आजोबा म्हणाले.

"तुले सांगतलं असतं तर तू डबा कुलपात ठेवला असता. माह्या बहिणीजवळ किती रविवार हायेत, ते काही त्या पट्टीवर दिसत नाही."

मी वही मागून घेतली, सहाव्या दिवसाची नोंद खोडली आणि खरी लिहून आजोबांपुढे धरली. त्यांनी ती बराच वेळ वाचली. एका ओळीला एवढा वेळ लागत नाही.

मिस्त्री हात पुसत म्हणाले, "इंजिन तर गेलंच हाय साहेब. पण पाजत राहिले तर चालते."

"किती दिवस?"

"आजी पाजतील तोवर," मिस्त्री व्हरांड्याकडे बघत म्हणाले.

आजोबांनी गाडी विकली नाही. आईंना फक्त पट्टी वाचायला शिकवली, आणि रोज सकाळी बॉनेट स्वतः उचलून धरू लागले. मावशी, म्हणजे आईंची थोरली बहीण, त्यानंतर दोन हिवाळे होत्या. एकही रविवार चुकला नाही.

गाडी गेली, शेड गेली, दोघी बहिणी गेल्या. वही कधीतरी वाळवीने खाल्ली. लोखंडी पळी आहे, फडताळात उजव्या बाजूला खिळ्याला टांगलेली.